खांबेटे बाई एकदाच विचारत

पहिल्याच दिवशी खांबेटे बाईंनी माझ्यासमोर ठेवलेला चहा उचलला आणि आत नेऊन बेसिनमध्ये ओतून दिला. ओतल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. तो मला ऐकू यावा म्हणूनच त्यांनी कप जरा उंच धरला असणार, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

माझा गुन्हा एवढाच होता. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "म्योश्टन झी टे?" म्हणजे, चहा घेणार का? तेवढं मला कळत होतं. मी मान खाली घालून, छातीशी हात नेऊन म्हटलं, "डांके." थँक्यू. समोर चहा आला की माणूस थँक्यूच म्हणेल न? तर नाही. जर्मन माणसाने काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं 'डांके' म्हणालात, तर त्याचा अर्थ होतो 'नको'. हवं असेल तर 'या, गेर्न' म्हणायचं, म्हणजे हो, आवडेल. आणि मनापासून हवं असेल तर 'झेर गेर्न', हो हो, खूप आवडेल. हे सगळं बाईंनी मला चहा ओतून झाल्यावर सांगितलं.

"आता जन्मात विसरणार नाहीस," म्हणाल्या.

नाही विसरले. त्यांनाही नाही विसरले. बोलताना मी त्यांना 'ती' म्हणते. लिहिताना 'त्या' म्हणतेय ते आईने वळण लावलंय म्हणून.

त्यांचं घर लखनौमध्ये, निशातगंजच्या एका गल्लीत, साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होतं. नवरा रेल्वेत मोठा इंजिनियर, तीन वर्षं जर्मनीत होता, तेव्हा या तिकडे भाषा शिकल्या. नवरा गेला, मुलगा परदेशी. बाई लखनौलाच राहिल्या आणि जर्मन शिकवू लागल्या. मी नर्स. आलमबागच्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं कंत्राटावर घासत होते. बाबा टेलिफोन खात्यात, पुढच्या वर्षी रिटायर होणार, मग क्वार्टर सोडायचं आणि नागपूरला परत. माझं काय, हा प्रश्न घरात रोज जेवायच्या वेळी ताटाभोवती फिरायचा. जर्मनीतल्या दवाखान्यांना नर्सेस पाहिजेत, असं एका एजंटने सांगितलं. पण त्याची अट होती: खांबेटे मॅडमची चिठ्ठी आणा, 'ही मुलगी बोलू शकते' असं त्यांनी लिहून दिलं तरच इंटरव्ह्यू. थोडक्यात माझं जाणं-राहणं त्या बाईच्या पेनात होतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी चहाच्या आधी त्यांनी वही उघडून विचारलं, "नाव?"

"शीतल."

"आडनाव?"

"मेश्राम."

"नागपूर?"

"हो."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं. हा 'अच्छा' मला ओळखीचा आहे. शाळेत ऐकलाय, नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलात ऐकलाय. त्यात वाईट काही नसतं, फक्त माणसाला एका कप्प्यात ठेवून कप्पा बंद केल्याचा खटका असतो. आणि लगेच पाच मिनिटांत चहा बेसिनमध्ये! आता सांगा, मी काय समजायचं?

बाईंचा क्लास सकाळी सातला. मी आलमबागहून पहिल्या मेट्रोने यायची, मग ई-रिक्शा, मग तीन जिने. सातला दाराची कडी लागायची म्हणजे लागायची. सात वाजून एक मिनिटाने आलेला माणूस जिन्यात उभा राहून आतला धडा ऐकायचा. मीसुद्धा दोनदा ऐकलाय. घरात त्या कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून फिरायच्या. हातात लाकडी पट्टी. मारायच्या नाहीत, टेबलावर आपटायच्या. प्रत्येकासमोर एक छोटा आरसा. त्यात बघून 'झेर गेर्न' म्हणायचं, वीस वेळा. "गाल वर! आवाज वर! श्राद्धाला आल्यासारखं तोंड करून हो म्हणतेस? देणाऱ्याला वाटलं पाहिजे की त्याने दिलं म्हणून तुझा दिवस चांगला गेला. नोख आइनमाल! परत!" तीस वर्षांची घोडी मी, आरशात बघून गाल वर करतेय. बाप्पा रे! आठवलं तरी अंगाची आग होते.

वर त्या माझं मराठीही दुरुस्त करायच्या. मी 'काहून' म्हटलं की पट्टी आपटायची. "काहून नाही. का." एका भाषेची फी देऊन दोन भाषांत अपमान करून घ्यायचा, ही सोय लखनौमध्ये दुसरीकडे कुठे नव्हती.

क्लासमध्ये माझ्याबरोबर नुज़हत होती, चौक या जुन्या मोहल्ल्यातल्या जुन्या घरातली, तीही नर्स. तिच्या घरी पाहुण्याने पान घ्यायचं तरी चार वेळा नाही म्हणावं लागतं. बाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली की ती म्हणायची, "जी नहीं, आप लीजिए, ज़हमत न कीजिए." बशी परत. पुन्हा पुढे कधी नाही. "तुझं नाही-नाही संपेपर्यंत जर्मनीत दुकान बंद होतं," बाई म्हणायच्या, आणि तिच्यासमोर बसून बिस्किट कटकट चावून खायच्या. दोन आठवड्यांत नुज़हत गेली. मला ती बाजी म्हणायची, म्हणजे ताई. जिन्यात म्हणाली, "बाजी, हम ज़बान सीखने आए थे, माँगना सीखने नहीं." मीही तिच्याबरोबर उतरले असते. पण चिठ्ठी वर होती.

बाईंचं एक मात्र कबूल करते, दुसऱ्याला सांगायच्या तसं स्वतः वागायच्या. त्यांना कोणी काही देऊ करावं आणि त्यांनी नाही म्हणावं, असं होत नसे. भाजीवाला हातगाडीवरून ओरडायचा, "मैडम, धनिया रख दूँ?" त्यावर या गॅलरीतून, "हाँ भैया, ज़रूर! बहुत खुशी से!" तो बिचारा दचकायचा. खालच्या मजल्यावर एक श्रीवास्तवजी राहायचे. लखनौचा माणूस, जिन्यात भेटला की म्हणणारच, "कभी आइए, साथ में खाना खाते हैं." आपण काय म्हणतो? हाँ हाँ, ज़रूर. आणि तिथेच विषय संपतो. बाईंनी पर्समधून डायरी काढली. "मंगलवार? साढ़े सात?" श्रीवास्तवजींना वाटलं गंमत करतायत. मंगळवारी साडेसातला बाई दारात हजर! आत त्यांची बायको खिचडी टाकून टीव्ही बघत बसलेली. मग धावपळ, पोराला पिटाळून बाजारातून पनीर, नान आणवलं. बाईंनी सगळं पोटभर खाल्लं, प्रत्येक घासाचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं, "त्यांनी बोलावलं, मी गेले. यात विनोदी काय आहे?" आम्ही हसत होतो. श्रीवास्तवजी त्यानंतर बाई दिसल्या की जिना बदलता येत नाही म्हणून फोन कानाला लावायचे.

"मनात हो आणि तोंडात नको, हा आजार आहे," असं त्यांचं म्हणणं. "पोट रिकामं आणि जीभ शहाणी. तुमची अख्खी संस्कृती याच्यावर उभी आहे." 'तुमची' म्हणजे नेमकी कोणाची, ते मी कधी विचारलं नाही.

आता माझं सांगते. 'गेर्न' मला दुसऱ्या दिवशीच पाठ झालं होतं. पण बाईंनी चहा विचारला की माझ्या तोंडातून निघायचं, "नाइन, डांके." नको. महिना झाला, दोन महिने झाले, रोज चहा यायचा आणि रोज परत जायचा. सकाळी पाचला उठून निघालेली मी, चहासाठी जीव जायचा, आणि तोंडातून नाइन. बाई पट्टी आपटून म्हणायच्या, "मेश्राम, तू ढ नाहीस. मग हे काय?"

काय ते सांगते. आमच्या घरचा नियम आहे, आईचा, आणि आईच्या आईचाही. अशा लोकांच्या घरी गेलं की पहिल्यांदा विचारतील तेव्हा नको म्हणायचं, पाणीसुद्धा. पहिलं विचारणं रिवाजाचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं तर समजायचं, मनापासून विचारतायत, आपण प्यायलेला पेला मागाहून वेगळा घासणार नाहीत. दुसऱ्यांदा नाही विचारलं तर आपली इज्जत आपल्याजवळ राहते. माझी आजी एका घरी पहिल्याच विचारण्याला हो म्हणाली होती आणि तिला ओंजळीत पाणी वाढलं होतं. त्यानंतरचा हा नियम. पहिल्या दिवशी मीही तो मोडून 'डांके' म्हणाले, आणि चहा बेसिनमध्ये गेला. आणि ही बाई! हिचं तत्त्वच असं की जर्मन माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही, म्हणून मीही विचारणार नाही. माझ्या घरच्या नियमाची आणि हिच्या तत्त्वाची अशी काही गाठ पडली होती की मी मरेपर्यंत त्या खोलीत चहा प्यायले नसते.

डिसेंबरात एजंटचा फोन आला, एक दवाखाना जानेवारीत इंटरव्ह्यू घेतोय. मी बाईंना चिठ्ठी मागितली.

"नाही देणार," त्या म्हणाल्या. "तुझं व्याकरण चांगलं आहे. पण ज्या मुलीला साधं हो म्हणता येत नाही तिला मी कुठेही पाठवणार नाही. ते लोक विचारतील, तू नाही म्हणशील, आणि नाव माझं खराब होईल."

माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. सगळं. आईचा नियम, आजीची ओंजळ, तुमच्यासारख्यांच्या घरी आम्ही काहून नको म्हणतो ते, तुमचा तो 'अच्छा', बेसिनमध्ये ओतलेला चहा. मराठीत सुरुवात केली, मधेच हिंदीत गेले, परत मराठीत आले. वाटलं, आता तरी ही बाई खजील होईल. निदान गप्प बसेल.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे जर्मनमध्ये सांग."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"जर्मनमध्ये. सगळं. मी वाट बघते."

आणि माझा मूर्खपणा बघा, मी सांगितलं. रडत-रडत, शब्द शोधत, सगळं जर्मनमध्ये सांगितलं. 'तुमच्या घरात आम्ही पहिल्यांदा नको म्हणतो' इथे आले आणि म्हणाले, "इन ईर हाउस..."

पट्टी आपटली. "ईर की ईरेम? बाहेरून घरात जायचं असेल तर ईर. घरात असलीस तर ईरेम. तू आत आहेस की बाहेर?"

माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मी म्हणाले, "ईरेम."

"बरोबर. पुढे."

पुढेही सांगितलं. संपल्यावर त्यांनी दोन चुका लाल पेनाने कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवल्या, आणि त्याच पेनाने दुसऱ्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली: 'ही मुलगी बोलू शकते.' ओंजळीबद्दल एक शब्द नाही. 'अच्छा'बद्दल नाही. अरे, दगडाला तरी पाझर फुटतो म्हणतात! ती चिठ्ठी तिथेच फाडून त्यांच्या तोंडावर फेकावी असं वाटलं. घडी घालून पर्समध्ये ठेवली.

इंटरव्ह्यू बाईंच्याच खोलीत झाला, त्यांच्या लॅपटॉपवर, कारण आमच्या क्वार्टरमध्ये नेट मधेच जायचं. पलीकडे पडद्यावर दवाखान्याच्या मुख्य नर्स, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. अलीकडे लॅपटॉपच्या मागे, त्या बाईला दिसणार नाहीत अशा, खांबेटे बाई मटार सोलत बसलेल्या. वीस मिनिटं सगळं छान गेलं. इंजेक्शन, ड्रेसिंग, म्हाताऱ्या पेशंटशी कसं बोलणार, सगळं सांगितलं. शेवटी पडद्यावरची बाई पुढे वाकून म्हणाली, आम्हाला तुम्ही आवडलात, आमच्याकडे काम करायला यायला आवडेल का?

सहा महिने आरशात बघून गाल वर केलेली मी. माझे हात आपोआप जुळले, मान खाली गेली, आणि मी म्हणाले, "डांके."

पडद्यावरचं हसू गेलं. "शाडे," ती म्हणाली. म्हणजे, अरेरे, वाईट वाटलं. तिचा हात बाजूला गेला, कॉल बंद करायला.

मी बाईंकडे बघितलं. एक खूण केली असती, पट्टी आपटली असती, नुसते गाल वर करून दाखवले असते तरी पुरे होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. सगळं कळलं होतं त्यांना. त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे तोंडात टाकले.

इतका संताप मला आयुष्यात कोणाचा आला नसेल. "डोख!" मी ओरडले. नाही कसं, हो! "डोख, डोख! या! झेर गेर्न! झेर, झेर गेर्न!" पलीकडची बाई दचकली आणि मग मोठ्याने हसली. नोकरी मिळाली.

कॉल बंद झाल्यावर मी विचारलं, "मॅडम, तुम्ही काहून नाही बोलल्या?"

"का नाही बोललात," त्यांनी आधी मराठी दुरुस्त केलं. मग म्हणाल्या, "ती तुला विचारत होती. मला नाही." आणि मटारांची सालं गोळा करून आत गेल्या.

जूनमध्ये माझं जायचं ठरलं. बाबाही तोवर रिटायर झाले होते, घरात सगळीकडे खोकी बांधलेली. आईने हट्ट धरला की बाईंना भेटल्याशिवाय जायचं नाही.

"आई, रडवलं तिनं मला."

"रडवलं तं रडवलं. नोकरी लागली न तिच्यानं? चाल."

आईने शंकरपाळे केले होते. त्या उन्हात, तिच्या त्या गुडघ्यांनी, ती तीन जिने चढली, प्रत्येक मजल्यावर थांबत. वर पोचली तेव्हा पदर घामाने भिजलेला आणि ओठ पांढरे पडलेले. बाईंनी दार उघडलं, पंख्याखाली बसवलं. आईने डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि पार बारीक आवाजात म्हणाली, "घरीच केलेत. तुम्हाला चालत असतील तर."

"चालत असतील तर काय? मला भयंकर आवडतात!" बाईंनी उभ्या उभ्या झाकण काढलं, एक तोंडात टाकला, दुसरा टाकला. "किती खुसखुशीत! मोहन किती घातलंत?"

आईचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. खरं सांगते, मला वाईट वाटलं. बाईंनी डबा नुसता बाजूला ठेवला असता तर माझं काम सोपं झालं असतं. तिरस्काराला एक सरळ कारण मिळालं असतं.

मग बाईंनी माठातल्या गार पाण्याचे पेले आणले. आईसमोर ट्रे धरून विचारलं, "पाणी?"

आई हसली. "नको, नको. असू द्या."

मी श्वास रोखून बाईंकडे बघत होते. याच खोलीत, याच टेबलाशी उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं होतं, तीन भाषांत. या 'नको'चा अर्थ जगात त्यांच्याइतका नीट कोणाला माहीत नव्हता. समोर तहानलेली म्हातारी बाई. एकदा, फक्त एकदा परत विचारायचं होतं. "घ्या हो," एवढंच.

"बरं," बाई म्हणाल्या आणि ट्रे आत घेऊन गेल्या.

मीही बोलू शकले असते. 'आईला पाणी पाहिजे' म्हटलं असतं तर तांब्याभर मिळालं असतं, हे मला माहीत होतं. नाही बोलले. मला बघायचं होतं, बाई विचारतात का. आईची तहान मी त्यासाठी तशीच ठेवली. हे मी आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

जिना उतरताना आई म्हणाली, "बाई चांगली आहे. आपले शंकरपाळे खाल्ले तिनं." दोन पायऱ्या उतरून म्हणाली, "पाणी नाही दिलं पण."

"विचारलं होतं, आई."

"एकदा विचारलं," आई म्हणाली.

मग काय समजावणार? जर्मन लोक असे असतात हे सांगू? बाई जर्मन होत्या का?

खाली ठेल्यावरून मी पाण्याची बाटली घेतली. आई भिंतीच्या सावलीत टेकून घटाघटा पिऊ लागली. तेवढ्यात वरून हाक आली. गॅलरीत खांबेटे बाई उभ्या होत्या, एका हातात आमचा डबा, दुसऱ्या हातात शंकरपाळा, तोंड भरलेलं.

"मेश्राम! आईंना सांग, आणखी असतील तर मला हवेत!"

मी वर बघितलंच नाही. आईने बाटली तोंडापासून बाजूला केली, हनुवटीवरचं पाणी पुसलं आणि मान वर करून ओरडली, "हो हो, पाठवते न!"

घरी आल्यावर तिने बांधलेलं खोकं सोडून कढई बाहेर काढली. मी मदतीला बसले नाही.